रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं

दुर्बिणीच्या तपासणीला आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती तुकडा काढण्याची. "सिस्टर, तुकडा काढताना दुखेल का हो?" हा प्रश्न टेबलावर आडवं होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला जातो. मी दरवेळी खरं तेच सांगते, कळणारसुद्धा नाही. आणि तसंच होतं. बारीक चिमट्याने आतड्याच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा खुडला जातो, पडद्यावर रक्ताचा टिपका दिसतो, आणि जागा असलेला माणूस शांतपणे पडद्याकडे बघत असतो. मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, तारेच्या फासात धरून विजेने जाळून कापतानाही तो तसाच निवांत असतो. पण दुर्बीण आतड्याच्या वळणावर अडकली, तिचा वेढा पडला आणि आतडं ताणलं गेलं, की तोच माणूस माझा हात घट्ट पकडतो. कपाळावर घाम येतो, मॉनिटरवर नाडीचे ठोके खाली उतरतात. डॉक्टर दुर्बीण थोडी मागे घेतात, वेढा सुटतो आणि कळ बघता बघता ओसरते.

एंडोस्कोपी विभागात काम करताना पोटाबद्दल मला जे उमगलं, त्याचं मूळ इथे आहे. आतड्याच्या अस्तराला कापलेलं आणि भाजलेलं कळत नाही. त्याच्या भिंतीतल्या नसा जागतात त्या ताण पडला, रक्तपुरवठा तुटला किंवा सूज आली तर. सूज आणि तुटलेला रक्तपुरवठा तपासण्यांत सापडू शकतात. नुसता ताण सापडत नाही, कारण तो येतो आणि जातो. मग रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि सोबत आलेलं घरचं कुणीतरी तिथेच म्हणतं, "बघ, काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे." तो रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मला बघवत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, हे वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण आपल्या पोटात चाललंय काय, हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आधी दुखण्याची जागा. बोट टेकवून "इथे दुखतं" असं पोटाच्या बाबतीत सांगणं अवघड जातं. माणसं तळहात गोल फिरवतात. त्याला कारण आहे. पचनाची नळी गर्भात शरीराच्या मध्यरेषेवर तयार होते आणि तिला दोन्ही बाजूंनी नसा मिळतात. पुढे आतडी वळतात, सरकतात, पण नसांची जोडणी जुनीच राहते. त्यामुळे जठर, पित्ताशय, स्वादुपिंड यांचं दुखणं बरगड्यांखाली मधोमध जाणवतं, लहान आतड्याचं बेंबीभोवती आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. अपेंडिक्स असतं उजवीकडे खाली, पण त्याचं दुखणं बहुतेकदा सुरू होतं बेंबीपाशी. काही तासांनी सूज पोटाच्या भिंतीच्या आतल्या आवरणापर्यंत पोचते. त्या आवरणाच्या नसा त्वचेच्या नसांसारख्या नेमक्या असतात, म्हणून मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि एका बोटाने दाखवता येतं. पित्ताशयाच्या सुजेत उजवा खांदा का दुखतो, हेही असंच. सुजलेलं पित्ताशय वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच भागातून येतात. खांद्याला झालेलं काहीच नसतं.

अन्ननलिका आणि हृदय यांच्या नसाही मज्जारज्जूच्या बऱ्याचशा त्याच भागात शिरतात. छातीतली जळजळ कुठली आणि हृदयाची कळ कुठली, हे मेंदूला दरवेळी वेगळं करता येत नाही. म्हणूनच छातीवर दाब, घाम, दम, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असेल, तर ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन पडून राहायचं नाही. आधी ईसीजी. या एका बाबतीत मी घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी भांडतेसुद्धा.

खरोखरची जळजळ असेल, तर तिचं मूळ शोधावं लागतं अन्ननलिकेच्या खालच्या झडपेत. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते, आणि तिच्या तळाशी घट्ट मिटलेला स्नायूंचा वळसा असतो. घास आला की तो उघडतो आणि पुन्हा मिटतो. पण जठर वरच्या बाजूला ताणलं गेलं की न गिळताही तो काही सेकंद सैल पडतो. ही सोय आहे ढेकरेसाठी; आत अडकलेल्या हवेला वर वाट हवीच. हीच वाट आम्लालाही मिळते. पोट तुडुंब भरल्यावर जळजळ का वाढते, हे त्यातून कळतं. शिवाय जेवणानंतर जठरातलं सगळं आम्ल अन्नात मिसळत नाही. त्याचा एक थर वर, झडपेच्या अगदी जवळ साठून राहतो. अशा वेळी आडवं होऊन उजव्या कुशीवर वळलं की झडप त्या साठ्याच्या खाली येते. डाव्या कुशीवर ती साठ्याच्या वर राहते. रात्री जळजळ होणाऱ्यांना आम्ही डाव्या कुशीवर झोपायला आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला सांगतो, ते याच साठी. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग होत नाही. त्याने पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या घेणारे बरेच जण भलत्याच वेळी घेतात. जठरातल्या पेशींमधले आम्ल बनवणारे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची औषधं फक्त चालू असलेल्या पंपांना धरतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. रात्री झोपताना आठवण झाली म्हणून घेतलेल्या गोळीचा बराचसा परिणाम वाया जातो. आणि ही औषधं झडप दुरुस्त करत नाहीत. वर येणारं पाणी येतच राहतं, फक्त त्यातलं आम्ल कमी होतं. जळजळ थांबली पण घशाशी पाणी येतच आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचं औषध निकामी ठरलं असं समजू नये.

आता आमच्या पडद्यावर दिसतं ते सांगते. जळजळीने हैराण झालेल्या अर्ध्याहून अधिक लोकांची अन्ननलिका दुर्बिणीतून स्वच्छ, गुलाबी, निरोगी दिसते. त्यांतल्या काहींच्या अस्तराच्या पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या असतात आणि आम्ल आतल्या नसांपर्यंत झिरपतं. हे साध्या दुर्बिणीत दिसत नाही. काहींच्या बाबतीत वर येणारं आम्ल इतरांइतकंच असतं, पण नसा जास्त हळव्या असतात. जळजळ दोघांचीही खरीच.

अल्सरचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. तिथे जखम डोळ्यांना दिसते. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठरात तग धरतो. आम्ही काढलेला तुकडा एका पिवळ्या जेलमध्ये टाकतो. जिवाणू असेल तर त्याच अमोनियामुळे जेल गुलाबी होतं, कधी कधी माणूस टेबलावरून उठायच्या आत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. वेदना कमी करताना त्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन अडवतात, आणि जठराचा संरक्षक चिकट थर त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर तयार होत असतो. परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे "इंजेक्शन घेतलं, पोटात काही गेलंच नाही" या म्हणण्याला अर्थ नाही.

पोट फुगण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण इतका गैरसमज दुसऱ्या कुठल्याच तक्रारीबद्दल नसेल.

आतड्यातला वायू येतो दोन वाटांनी. काही आपण गिळतो. त्यात मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. बाकीचा मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेल्या कर्बोदकांवर जगताना तयार करतात: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन. यांतल्या एकालाही वास नाही. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि ती एकूण वायूच्या एक टक्काही नसतात. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे निरोगी पोटाचं लक्षण आहे. बराचसा वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. हायड्रोजनची श्वासचाचणी याच आधारावर चालते. मोठ्या आतड्याच्या तपासणीत आम्ही साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतो तोही म्हणूनच. तो आतड्यातून भराभर शोषला जातो, आणि तपासणीनंतर पोट कडक राहत नाही.

साहजिकच वाटतं की ज्याचं पोट फुगतं त्याच्या पोटात वायू जास्त. हे मोजून पाहिलं गेलं आहे. स्पेनमधल्या बार्सिलोनाचे डॉक्टर फर्नांडो अझपिरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोट फुगलेलं असताना आणि नसताना सीटी स्कॅन करून वायू मोजला. बहुतेकांमध्ये फरक अगदी किरकोळ निघाला. खरा फरक होता श्वासपटलात. निरोगी माणसाच्या आतड्यात वायू वाढला की श्वासपटल वर सरकतं, पोटाचे स्नायू किंचित आवळले जातात आणि वाढलेल्या वायूला छातीच्या बाजूला जागा मिळते. पोट फुगणाऱ्यांमध्ये याच्या उलट घडत होतं. श्वासपटल खाली दाबलं जात होतं आणि पोटाची भिंत सैल पडत होती. आतला ऐवज तेवढाच, पण ढकलला गेला पुढे. सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी पॅंटच्या हुकाला का भिडतं आणि रात्रभर झोपल्यावर पुन्हा खाली का बसतं, याचा उलगडा यात होतो. इतका वायू रोज इतक्या नेमाने तयार होऊन नाहीसा होत नाही. पोट मुद्दाम फुगवलेलं नसतं. आतड्यातून आलेल्या संवेदनेला शरीराने दिलेला तो चुकीचा प्रतिसाद असतो, आणि श्वास व पोटाच्या स्नायूंच्या प्रशिक्षणाने तो बदलता येतो हेही त्याच गटाने दाखवून दिलं. वायूच्या गोळ्या खाऊन कंटाळलेल्या लोकांना हे कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

सततच्या ढेकरांचंही असंच. एका मागोमाग येणाऱ्या ढेकरांमधली हवा बहुतेकदा जठरातून येतच नाही. ती अन्ननलिकेत ओढली जाते आणि तिथूनच लगेच बाहेर टाकली जाते. झोपेत त्या थांबतात.

रिकाम्या पोटी गुडगुड होते ती तर आतड्याची साफसफाई. उपाशी असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक जोरदार लाट जाते आणि उरलेसुरलेले कण पुढे ढकलते. काही खाल्लं की ती थांबते. यात काळजीचं काही नाही.

जुलाब समजून घ्यायला एक आकडा पुरे. लहान आतड्यात रोज सुमारे ९ लिटर पाणी येतं. त्यातलं खाण्यापिण्यातून येतं साधारण २ लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस. शौचावाटे बाहेर पडतं जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. एवढ्या मोठ्या शोषणात जराशी जरी खोट आली, तरी संडासच्या फेऱ्या सुरू होतात. एक खोट म्हणजे न शोषला जाणारा पदार्थ पाणी धरून ठेवतो. तपासणीच्या आधी आम्ही आतडं साफ करायला जे पावडरीचं द्रावण पाजतो, ते अगदी हेच करतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज ज्याच्यात कमी असतं, त्या माणसात ती साखर हेच करते, साखरविरहित गोळ्यांमधलं सॉर्बिटॉलही. असे जुलाब खाणं बंद केलं की थांबतात. दुसऱ्या प्रकारात आतडं स्वतःच पाणी सोडायला लागतं, आणि मग उपास केला तरी, रात्रीसुद्धा, जुलाब चालू राहतात. कॉलऱ्याचं विष असं काम करतं, हे शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ साली दाखवलं. त्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी ओतत राहतात, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारं दार शाबूत असतं. मीठ-साखरेचं पाणी त्याच दारातून आत जातं. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉक्टर दिलीप महालनाबीस यांनी या पाण्यावर हजारो माणसं वाचवली. ओआरएसची पुडी ठरलेल्या मापाच्या पाण्यातच का मिसळायची, हे इथे लक्षात येईल. साखर जास्त झाली तर तीच पाणी बाहेर ओढते.

बद्धकोष्ठतेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एकात मोठं आतडं संथ असतं, मळ जास्त वेळ आत राहतो आणि पाणी शोषलं जाऊन कडक होतो. लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामकं आणि रक्तदाबाची काही औषधंही हे करतात. दुसऱ्यात आतडं वेळेवर काम करतं, पण दार उघडत नाही. गुदाशयाभोवती एका स्नायूची दोरी पुढे ओढलेली असते, त्यामुळे तिथे कोन तयार होतो. शौचाच्या वेळी ती दोरी सैल पडून कोन सरळ व्हायला हवा. काही माणसं कुंथताना नकळत तीच दोरी आवळतात. अशांनी कितीही कोठा साफ करणारी औषधं घेतली तरी उपयोग बेताचाच. त्यांना हवं असतं त्या स्नायूचं प्रशिक्षण. पायाखाली छोटा पाट घेऊन गुडघे वर उचलले तरी कोन बराच सुधारतो. आणि किती वेळा व्हायला हवं याबद्दल: दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, यात काहीही नॉर्मल आहे. रोज सकाळी झालंच पाहिजे या धाकाने कुंथत बसणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं.

आता पुन्हा त्या नॉर्मल रिपोर्टकडे येते. १९७३ मध्ये रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला. ज्या फुगवट्याला निरोगी माणसांपैकी अगदी थोड्यांना दुखलं, त्याच फुगवट्याला इरिटेबल बॉवेलच्या, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखत आणि बिघडत राहणाऱ्या, निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखलं. आतडं दिसायला सारखं, ताण सारखा, वेदना वेगळी. पुढे अशा रुग्णांच्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले गेले, तेव्हा काहींमध्ये मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणाच्या एक प्रकारच्या पेशी, नसांना अगदी लगटून असलेल्या आढळल्या. या पेशींतून निघणारी रसायनं नसांना चेतवतात. पोटाचा मोठा संसर्ग होऊन गेलेल्या दर दहा माणसांमागे साधारण एकाला पुढे हा त्रास चिकटतो. जंतू गेलेला असतो, हळव्या झालेल्या नसा मागे राहतात.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं आहे, आणि नसांना संदेश देणारं सेरोटोनिन नावाचं रसायन शरीरात असतं त्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यातच असतं. उलटीची भावना मेंदूकडे नेणाऱ्या व्हेगस नसेला तेच सेरोटोनिन डिवचतं; उलटीवरचं ओंडान्सेट्रॉन हे औषध त्याला नेमकं तिथे अडवतं. व्हेगसमधले बहुतांश धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. ताणतणावात पोट बिघडतं हे खरं, पण बिघडलेलं पोटही मेंदूला अस्वस्थ ठेवतं. म्हणून डॉक्टरांनी पोटदुखीवर नैराश्यावरची गोळी कमी मात्रेत लिहून दिली, तर "मला वेडी समजलात का?" असं वाटून घेऊ नका. त्या मात्रेत ती आतड्यातून येणाऱ्या वेदनेच्या संदेशावर काम करते. हे मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या अनेक मावश्यांना आणि काकांना हळू आवाजात समजावलं आहे, आणि त्यानंतर चिठ्ठी फाडायला निघालेली माणसं औषध घ्यायला तयार झालेली पाहिली आहेत.

हळव्या नसांचं हे स्पष्टीकरण सगळ्यांना लागू पडत नाही. गिळताना घास अडकणं, काही न करता वजन उतरणं, शौचात रक्त, नव्याने आढळलेला ॲनिमिया, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास: यांतलं काहीही असेल तर आधी तपासणी, बाकी सगळं नंतर. काळी शौच लोहाच्या गोळ्यांनीही होते. पण ती डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असेल, तर वरच्या भागात रक्तस्राव होऊन ते रक्त पचून खाली आलेलं असू शकतं. वेदनाशामकांच्या अल्सरमध्ये बऱ्याचदा पोट जराही दुखत नाही आणि अशी काळी शौच हीच पहिली खूण असते. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं सोबत न्या.